हार्वी मिल्कवरचा माहितीपट बाबांना दाखवावा का?

कृष्णाकाठ
परवा रात्री 'द टाइम्स ऑफ हार्वी मिल्क' पाहिला. १९८४ सालचा माहितीपट आहे, रॉब एपस्टाइन दिग्दर्शक. त्याला ऑस्करही मिळालंय. दीड तास जागची हलले नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हार्वी मिल्क चाळिशी ओलांडल्यावर न्यूयॉर्क सोडून सॅन फ्रान्सिस्कोला आला आणि कॅस्ट्रो स्ट्रीटवर त्याने कॅमेऱ्याचं दुकान टाकलं. तीन निवडणुका हरला. १९७७ साली चौथ्यांदा उभा राहिला आणि शहराच्या बोर्डावर, म्हणजे आपल्या भाषेत नगरसेवक म्हणून, निवडून आला. आपण समलिंगी आहोत हे न लपवता अमेरिकेत निवडून आलेला पहिला माणूस. जेमतेम अकरा महिने काम केलं. २७ नोव्हेंबर १९७८ ला डॅन व्हाइट या माजी सहकाऱ्याने महापौर जॉर्ज मॉस्कोनी आणि मिल्क, दोघांनाही सिटी हॉलमध्येच गोळ्या घातल्या.

आता माझा प्रश्न. माझा धाकटा भाऊ बेंगळुरूला असतो. दोन वर्षांपूर्वी गौरी-गणपतीला आला तेव्हा त्याने घरी सांगितलं. आई रडली, मग हळूहळू सावरली. बाबा काहीच बोलले नाहीत, भांडणही नाही. फक्त तेव्हापासून त्याचा फोन आला की स्क्रीनवरचं नाव बघतात आणि "घे, तुझा आहे" म्हणून आईच्या हातात देतात.

बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते, चौतीस वर्षं. युनियनचं काम अंगात भिनलेलं. या माहितीपटात जिम एलियट म्हणून एक जण आहे, तोही मोटारींचा मेकॅनिक आणि युनियनवाला. समलिंगी लोकांबद्दल आधी आपलं मत काय होतं, ते हा गृहस्थ कॅमेऱ्यासमोर आडपडदा न ठेवता सांगतो. असल्या माणसाला पाठिंबा द्या हे युनियनमधल्या आपल्या लोकांना सांगायचं कोणत्या तोंडाने, असा प्रश्न त्याला पडला होता. आणि मग मिल्कबरोबर काम करता करता मत कसं बदललं, तेही सांगतो. तो बोलायला लागला आणि मला समोर बाबाच दिसायला लागले.

बाबांना दाखवू का? कुणी आपल्या आईवडिलांना असं काही दाखवलंय का? त्यांना इंग्रजी फारसं कळत नाही, म्हणून मी संवाद मराठीत उतरवून काढायला एक दोनशे पानी वही केली आहे.

शेवगा
दाखवा, नक्की दाखवा. आणि कुत्र्यांचा कायदा आला की आवाज मोठा करा. मिल्कने कुत्र्याची घाण मालकानेच उचलायची असा नियम आणला, आणि पत्रकारांना बागेत बोलावून बोलता बोलता नेमका त्या घाणीत पाय दिला! आमच्या सोसायटीच्या रस्त्यावर सकाळी फिरणारा प्रत्येक माणूस या नगरसेवकाला मत देईल.

बागेश्री
कृष्णाकाठ, मी मुलाची आई म्हणून लिहिते. माझ्या मुलाने २०१६ साली सांगितलं. तेव्हा 'लोक काय म्हणतील' हे माझ्या मनात खरंच नंतर आलं. पहिली भीती ही की माझ्या पोराला कुणी काही करेल. रात्री त्याला यायला उशीर झाला की मी गॅलरीत उभी राहायचे.

अशा आईबापाला तुम्ही जो माणूस आवडायला लावणार, त्याला शेवटी गोळ्या घातलेल्या दाखवणार. सुरुवातच त्या बातमीने होते. शहराच्या बोर्डाच्या अध्यक्षा डायन फाइनस्टाइन बाहेर येऊन पत्रकारांना दोघे गेल्याचं सांगतात, आणि तिथे जमलेल्यांच्या तोंडून जो आवाज निघतो तो मला आठवडाभर ऐकू येत होता. न दाखवा असं म्हणत नाही. दाखवायचाच असेल तर एका बैठकीत नको. निवडून येतो तिथे थांबा, चहा करा, बोला. उरलेला दुसऱ्या दिवशी. आणि आईलाही बसवा, तिला वगळू नका.

मला स्वतःला आधार मिळाला तो 'स्वीकार' या पालकांच्या गटाचा. आपल्यासारखेच आईबाप असतात. तेही लक्षात ठेवा.

नळस्टॉप
एक दुरुस्ती. मिल्क 'अमेरिकेतला पहिला' नव्हे. १९७४ च्या एप्रिलमध्ये मिशिगनमधल्या अॅन आर्बरच्या नगर परिषदेवर कॅथी कोझाचेंको निवडून आल्या होत्या, आणि त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळात एलेन नोबल. दोघीही उघडपणे समलिंगी. मिल्क कॅलिफोर्नियातला पहिला. बायकांचं पहिलेपण असं पुसलं जातं त्याचा मला राग येतो.

कृष्णाकाठ
@नळस्टॉप, मान्य, चूक माझी. वहीत पहिल्याच पानावर तेच लिहिलं होतं, खोडलं.
@बागेश्री ताई, दोन बैठकांचं अगदी पटलं.

विसूभाऊ
राग मानू नका, पण परक्या देशातल्या या गोष्टी आपल्या घरात कशाला? आपल्याकडे असे लोक पूर्वीही होते, कुणी त्यांना त्रास दिला नाही आणि कुणी त्याची चर्चाही केली नाही. चार भिंतींतली गोष्ट चार भिंतींत राहिली तर काय बिघडतं? माझ्या मनात कुणाबद्दल द्वेष नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो.

निनावी_गुरुजी
विसूभाऊ, तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंत, मीही लिहितो. मी शिक्षक आहे. गाव, शाळा सांगत नाही. मी समलिंगी आहे आणि माझ्या घरी माहीत नाही.

माहितीपटात 'प्रस्ताव ६' चा मोठा भाग आहे. जॉन ब्रिग्ज नावाच्या आमदाराने १९७८ मध्ये कॅलिफोर्नियात असा कायदा मतदानाला आणला की समलिंगी माणसांना सरकारी शाळेत शिकवता येऊ नये. त्यांच्या बाजूने बोलणाऱ्यालाही काढता यावं. मिल्क आणि सॅली गिअरहार्ट यांनी ब्रिग्जशी जाहीर वाद घातले. आधी वाटत होतं की प्रस्ताव सहज मंजूर होणार. ७ नोव्हेंबरला तो दहा लाखांहून जास्त मतांनी पडला. त्यानंतर वीस दिवसांनी मिल्क गेला. त्यात टॉम अॅमियानो हा शिक्षक बोलतो. त्याचं बोलणं मी तीनदा मागे घेऊन ऐकलं, कारण पडद्यावर माझ्या पेशाचा माणूस प्रथमच असं बोलताना पाहत होतो.

चार भिंतींबद्दल. डॉ. रामचंद्र सिरस अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक होते, कवी होते. २०१० च्या फेब्रुवारीत त्यांच्या चार भिंतींत, त्यांच्या स्वतःच्या खोलीत, कॅमेरा घेऊन माणसं घुसली. विद्यापीठाने निलंबित केलं ते सिरसांनाच. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने आदेश दिला आणि त्या आठवड्याभरात ते मृतावस्थेत सापडले. कुणाची चर्चा केली होती त्यांनी? मराठी शिकवत होते.

६ सप्टेंबर २०१८ ला कलम ३७७ चा, समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असा, निकाल आला तेव्हा मी स्टाफरूममध्ये वह्या तपासत होतो. दोघे-तिघे हसत होते. 'आता यांना शाळेत घेऊ नका म्हणजे झालं' असं एक जण म्हणाला. मी त्या वहीवर एकाच उत्तराखाली दोनदा बरोबरची खूण केली, हे घरी गेल्यावर लक्षात आलं.

बागेश्री
गुरुजी, तुम्ही इथे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. तुमच्या आईच्या जागी मला समजा.

कोर्टकचेरी
दुसऱ्या बैठकीसाठी थोडं सांगतो, कारण 'डॅन व्हाइट हा केक खाऊन वेडा झाला म्हणून सुटला' अशी दंतकथा मी पन्नासदा ऐकली आहे. तसं झालं नाही. बचाव पक्षाचं म्हणणं होतं की तो नैराश्यात होता, पूर्वविचार करण्याच्या मनःस्थितीतच नव्हता. आधी तब्येत सांभाळणारा हा माणूस गोडधोड आणि डबाबंद खात सुटला होता, हे त्या नैराश्याचं एक लक्षण म्हणून मानसोपचारतज्ज्ञाने सांगितलं. वर्तमानपत्रांनी ते एकच उचललं.

पूर्वविचार नव्हता म्हणावं तर तो सिटी हॉलच्या तळघराच्या खिडकीतून आत शिरला, कारण दारात धातुशोधक यंत्र होतं. जादा काडतुसं खिशात. मॉस्कोनींना मारल्यावर पिस्तूल पुन्हा भरलं आणि मिल्ककडे गेला. तरी २१ मे १९७९ ला ज्युरीने खून न धरता आपल्याकडच्या सदोष मनुष्यवधासारखा गुन्हा धरला. शिक्षा सात वर्षं आठ महिने. साधारण पाच वर्षांत, जानेवारी १९८४ मध्ये, तो बाहेर. निकालाच्या रात्री लोकांनी सिटी हॉलच्या काचा फोडल्या, पोलिसांच्या गाड्या जाळल्या. पोलिसांनीही कॅस्ट्रोत शिरून लोकांना झोडपलं.

मराठी माणसाला हे समजायला नानावटी खटला पुरेसा आहे. १९५९ ची मुंबई, गणवेशातला देखणा नौदल अधिकारी, आणि ज्युरीने ८ विरुद्ध १ असं निर्दोष म्हटलं. व्हाइटही माजी पोलीस, माजी अग्निशमन जवान, घरंदाज चेहऱ्याचा. आपल्या भावासारखा दिसणारा माणूस खुनी असेल हे ज्युरीला पचत नाही. फरक एवढाच की नानावटीचं प्रकरण न्यायाधीशांनी उच्च न्यायालयाकडे पाठवलं आणि तिथे जन्मठेप झाली. अमेरिकेत ज्युरीने एकदा सांगितलं की सरकारी पक्षाला वर जायची सोय नाही.

शेवगा
पिस्तूल पुन्हा भरलं? हे वाचून खरंच डोकं सुन्न झालं.

नळस्टॉप
मला एका वेगळ्या गोष्टीवर बोलायचंय. मिल्क जिंकला कसा? भाषणं उत्तम होतीच. मागे बांधलेल्या केसांची शेपटी कापली, दाढीमिशा काढल्या, सूट घातला, हेही खरं. पण मुख्य कारण प्रभागरचना. १९७३ आणि १९७५ साली सगळं शहर मिळून सगळे सदस्य निवडत होतं. १९७५ ला सहा जागांसाठी तो सातवा आला. १९७६ मध्ये शहराने मतदानाने ठरवलं की प्रत्येक भागाने आपला एक सदस्य निवडावा. १९७७ ला या पद्धतीची पहिली निवडणूक झाली आणि कॅस्ट्रोने आपला माणूस पाठवला. त्याच निवडणुकीत एक कृष्णवर्णीय महिला, एक चिनी वंशाचे गृहस्थ आले. आणि हो, डॅन व्हाइटही त्याच पद्धतीने आला.

हे पुणेकराला भिडतं. आमच्याकडे २०१७ ला चार सदस्यांचा प्रभाग होता. एवढ्या मोठ्या प्रभागात पक्षाच्या चिन्हाशिवाय कोण टिकणार? मुंबईत २२७ प्रभाग आणि प्रत्येकी एक नगरसेवक. एखाद्या दुकानदाराला, आपल्या गल्लीच्या जिवावर उभं राहायचं तर त्याला वाव तिथेच. मिल्कचं दुकान म्हणजे पक्ष कार्यालयच होतं. पत्रं चिकटवायला शाळकरी पोरं, गप्पांना म्हाताऱ्या बायका.

विसूभाऊ
प्रभागाचं नळस्टॉप यांनी बरोबर सांगितलं, मी स्वतः दोन निवडणुकांत बूथवर बसलोय. गुरुजी, सिरस सरांबद्दल मला माहीत नव्हतं. वाईट वाटलं. तरी माझं मत एकदम बदललं असं म्हणणार नाही. एक विचारतो, आपल्याकडे असं कुणी निवडून आलंय का?

अनुराधा_ठाणे
विसूभाऊ, २०१७ साली सोलापूर जिल्ह्यात माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळ गावाने ज्ञानेश्वर कांबळे या तृतीयपंथी व्यक्तीला थेट सरपंच म्हणून निवडून दिलं. २०२१ ला जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकच्या ग्रामपंचायतीत अंजली पाटील निवडून आल्या. महिला प्रभागातून उभं राहता यावं म्हणून त्यांना आधी औरंगाबाद खंडपीठात जावं लागलं होतं. तृतीयपंथी असणं आणि समलिंगी असणं या वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची गल्लत नको. पण खेड्यातला माणूस मत देताना पाण्याचं बघतो, रस्त्याचं बघतो, हे दोन्हीकडे दिसतं.

बे_एरियातला_अण्णा
उशिरा आलो. मी सॅन फ्रान्सिस्कोजवळ फ्रीमाँटला राहतो. ५७५ कॅस्ट्रो स्ट्रीट, म्हणजे मिल्कचं दुकान, मी बऱ्याचदा पाहिलंय. जागा छोटी आहे, आपल्याकडच्या झेरॉक्सच्या दुकानाएवढीच वाटते. समोर फूटपाथवर पाटी बसवली आहे. शेजारच्या चौकाला त्याचं नाव आहे आणि तिथे समलिंगी चळवळीचा इंद्रधनुषी झेंडा फडकतो. तो झेंडा पहिल्यांदा फडकला तोही १९७८ लाच, सॅन फ्रान्सिस्कोतच.

सॅन फ्रान्सिस्को विमानतळाच्या एक नंबर टर्मिनललाही त्याचं नाव दिलंय. मागच्या वर्षी आई आली होती, आम्ही तिथून सिअॅटलला निघालो होतो. भिंतीवर मिल्कचे मोठमोठे फोटो आहेत. आई एका फोटोसमोर थांबली, "हा कोण रे, किती छान हसतोय." मी सांगितलं. ती म्हणाली, "याची आई होती का तेव्हा?" मला उत्तर माहीत नव्हतं, रात्री शोधलं. ती आधीच, १९६२ साली गेली होती. आई म्हणाली, "सुटली बिचारी." त्यावर काय बोलावं ते मला कळलं नाही.

कृष्णाकाठ, बाबांना कूर्स बिअरचा किस्सा जरूर सांगा. ट्रक चालवणाऱ्यांच्या टीमस्टर्स युनियनचा कूर्सवर बहिष्कार होता. त्यांनी मिल्कची मदत मागितली. मिल्कने समलिंगी लोकांच्या बारमधून ती बिअर बंद करवली आणि बदल्यात एवढंच मागितलं की आमच्या पोरांना ड्रायव्हरच्या नोकऱ्या द्या. बाबा युनियनचे आहेत, त्यांना हा व्यवहार लगेच कळेल.

निनावी_गुरुजी
एका बाबतीत मी मिल्कशी भांडतो. त्याचं म्हणणं, सगळ्यांनी उघडपणे सांगा. घरी सांगा, मित्रांना सांगा, कामावर सांगा. त्यामागचं तर्कशास्त्र पटतं. लोक आपल्या ओळखीच्या माणसाविरुद्ध मत देत नाहीत, प्रस्ताव ६ त्यामुळेच पडला. पण १९७५ मध्ये ऑलिव्हर सिपल नावाच्या माजी सैनिकाने राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्यावर गोळी झाडणाऱ्या बाईचा हात धरला आणि त्यांचा जीव वाचला. सिपल समलिंगी आहे हे मिल्कने पत्रकारांच्या कानावर घातलं. 'आमच्यातही शूर असतात' हे जगाला कळावं म्हणून. सिपलच्या घरी माहीत नव्हतं. आईवडिलांनी त्याच्याशी संबंध तोडले.

'घरी सांगितलंस का?' हा आम्ही एकमेकांना विचारतो तो पहिला प्रश्न. त्याचं उत्तर कधी द्यायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. मिल्कचं धाडस त्याचं होतं, सिपलचं घर सिपलचं होतं.

अनुराधा_ठाणे
गुरुजी, शंभर टक्के. पण आपल्याकडेही कुणीतरी आधी बोललं म्हणून इतरांना बळ आलं ना. अशोक राव कवी ऐंशीच्या दशकात नावानिशी बोलले, १९९० ला 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक काढलं. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी मराठीतून लिहिलं, बोलले. माझ्या भाच्याच्या हातात पहिल्यांदा मराठीत काही पडलं ते त्यांचंच.

निनावी_गुरुजी
तेही खरं. माझ्याही हातात तेच पडलं होतं. पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालून वाचलं.

कृष्णाकाठ
सगळ्यांना कळवते. शनिवार-रविवार दाखवला. आई, बाबा, मी.

शनिवारी बाबा आधी वर्तमानपत्र घेऊन बसले होते. मी वहीतून वाचत होते, जमेल तसं थांबवत होते. जिम एलियट आला तसं वर्तमानपत्र मांडीवर आलं. "हा मेकॅनिक आहे?" म्हणाले. हो म्हटलं. "पुन्हा लाव." पुन्हा लावला. अण्णांनी सांगितलेला ड्रायव्हरच्या नोकऱ्यांचा किस्सा मी सांगितला, तर म्हणाले, "मग बरोबर आहे. संपात जो उभा राहतो तो आपला." बाकी काही नाही. निवडून आला तिथे थांबलो. आईने चहा केला.

रविवारी आईला फार त्रास झाला, बागेश्री ताई म्हणाल्या तसंच. ती माझा हात धरून बसली. त्या रात्रीचा मेणबत्त्यांचा मोर्चा आला, रस्ताभर हजारो माणसं आणि कुणी घोषणा देत नाही. बाबा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "एवढ्या मेणबत्त्या एका दिवसात कुणी गोळा केल्या असतील?" त्यांनी मोर्चे काढलेत ना, त्यांना तेच सुचलं. शिक्षा ऐकल्यावर "दोन माणसं, आणि सात वर्षं?" एवढं बोलून उठले आणि अंगणात गेले.

काल संध्याकाळी भावाचा फोन आला. बाबांनी नाव बघितलं. आई स्वयंपाकघरात हात पुसत बाहेर आली, नेहमीसारखी. बाबांनी फोन तिच्याकडे दिला नाही, कानाला लावला. म्हणाले, "तुमच्या भागाचा नगरसेवक कोण आहे रे?" तिकडून तो काय बोलला ते मी नंतर विचारलं. तो इतका गडबडला की खरं तेच सांगून बसला, बेंगळुरूत २०२० मध्ये मुदत संपली आणि त्यानंतर पालिकेची निवडणूकच झाली नाही. त्यावर बाबा चिडले, असं कसं चालतं, तुम्ही कुणी विचारत नाही का? चार मिनिटं तेच बोलत होते. मग "आईला देतो" म्हणून फोन दिला.

विसूभाऊ
ताई, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा.

बागेश्री
चार मिनिटं! मी हे माझ्या मुलाला वाचून दाखवलं.

निनावी_गुरुजी
ताई, ती वही टाइप करून द्याल का? माझ्या आईलाही इंग्रजी येत नाही. लगेच दाखवीन असं नाही. जवळ असू दे.

कृष्णाकाठ
आज रात्रीच बसते. निवडणूक जिंकण्यापर्यंतचं उद्या पाठवते, पुढचं रविवारपर्यंत.